शेरा

दिघ्याच्या चढावर, इलठणपाड्यात
माझ्या वाट्याला तीनशे बारा घरं.
फॉर्मात बेचाळीस प्रश्न,
एकेचाळिसांना चौकटी,
शेवटी एक रिकामी ओळ: शेरा.

प्रश्न सतरा. बीपीच्या गोळ्या रोज घेता का?
घेते की, म्हणाल्या मथुरा शेलार,
आणि बिस्किटांच्या डब्यातून काढून दाखवली
अर्धी गोळी.
नखानं मोडलेली, कड जरा भुगा झालेली.
दहा दिवसांच्या देतात, वीस दिवस पुरवते.
परत रांगेत उभं राहायचं तर खाडा पडतो.
खाड्याचे साडेचारशे
लिहा ना कुठं बसतात ते.

बसत नव्हते.
"होय" आणि "नाही"च्या मधे
पेन टेकवून मी थांबले,
शाईचा ठिपका वाढत गेला.

सुगंधा ओव्हाळ, पाड्याच्या आशाताई,
इतका वेळ छत्री धरून उंबऱ्यात.
त्यांनी पिशवीतून वही काढली, लसीकरणाची,
मागून उघडली.
तीन वर्षांचं बारीक अक्षर:
कोण आलं, कोण दार बघून परत गेलं,
दवाखाना मिटतो एकला,
कंपनीची पाळी सुटते चारला.
ही वही दिली नाहीत कुणाला?
मागितली नाही कुणी.

बेलापूरला सातव्या मजल्यावर
मी आलेख दाखवले. एसी फार होता.
साहेबांनी चष्मा पुसत विचारलं,
हे चालवायचं कोणाच्या पैशात?
प्रश्न खरा होता.
पाड्यात एका संस्थेचा सायंदवाखाना
अकरा महिने चालला होता;
फलक अजून आहे, त्यावर कपडे वाळतात.
निधी आटला की दवाखाना मिटतो,
रक्तदाब मिटत नाही.

म्हणून नवं काही मागितलं नाही.
तेच डॉक्टर, त्याच गोळ्या, तेच कुलूप.
फक्त मंगळवारी, शुक्रवारी दुपारी उघडा, आठला लावा.
आणि गोळ्या महिन्याच्या द्या.
पुरावा म्हणून आलेखाखाली
वहीची झेरॉक्स जोडली,
त्यावर चहाचा गोल डाग तसाच.

मंगळवार मिळाला.
शुक्रवार विचाराधीन आहे.

पहिल्या मंगळवारी साडेपाचला
मथुराबाई कंपनीच्या एप्रनमध्येच आल्या.
महिन्याची पाकिटं मोजून घेतली,
मग कमरेची पुरचुंडी सोडून
टेबलावर अर्धुकं ओतली, नऊ की दहा.
ह्या उरल्यात, म्हणाल्या,
परत घेता का?
कुणाला लागतील.