नाली जिथे वळते

आधी तुळई आली.
हे लाकडानेच सांगितलं मला:
करंगळीएवढं भोक पाडून काढलेला ओकचा गाभा,
भिंगाखाली एकशे बेचाळीस वर्तुळं,
शेवटचं पंधराशे एकोणसाठच्या हिवाळ्यातलं.
भिंती त्यानंतरच्या. खिडक्या त्याहून अलीकडच्या.
धुराडं तर परवाचं,
म्हणजे दोनशे वर्षांचं.

ओचोआ नावाच्या सुताराने
आधी सफरचंदं पिळायचं यंत्र उभारलं:
चार ओक शेजारी शेजारी आवळलेले,
एका टोकाला मळसूत्र, मळसूत्राला टांगलेला धोंडा,
एवढा, की दोन बैलांनी मान फिरवावी.
मग यंत्र भिजू नये म्हणून त्यावर छप्पर घातलं.
छपराखाली जागा उरली, तिथे गाई शिरल्या.
गाईंची ऊब उरली,
तिथे माणसं.

अजूनही स्वयंपाकघराच्या भिंतीत तीन चौकोनी भोकं आहेत.
गाई त्यांतून डोकी आत घालत,
गव्हाण आतल्या बाजूला, चुलीपासून चार पावलांवर.
कोण जेवलं, कोण रुसलं, त्यांना ठाऊक असायचं.
आता त्या भोकांत एनेकोने रेडिओ, औषधं
आणि बँकेची पत्रं ठेवलीत.

बास्क डोंगरात घराला माणसाचं नाव देत नाहीत.
माणूस घराचं नाव लावतो.
आल्त्सुएता म्हणजे आल्डरची राई;
राई ओढ्याकाठी उरलीय पाच-सहा झाडांपुरती,
नाव मात्र सगळ्यांना पुरलंय,
खालच्या गावातून आलेल्या जावयालासुद्धा.
एनेकोची आई कागदोपत्री रोसारियो,
कारण तिच्या जन्माच्या वर्षी
सरकारला तिचं खरं नाव चालत नव्हतं.
उंबऱ्याच्या आत ती आगुर्त्साने.

दारावर खिळ्याने ठोकलेलं वाळकं काटेफूल.
रात्रीची भुतं येतात,
आत शिरण्याआधी त्यांना त्याचा केस न् केस मोजावा लागतो,
मोजता मोजता उजाडतं.
मीही इथे मोजायलाच आलेली.
फुलाकडे पाहिलं आणि फीत जरा लपवली.

मला काढायचा होता नकाशा.
एनेकोला माळ्यावर पाहुण्यांसाठी चार खोल्या हव्यात,
खोल्यांना न्हाणीघरं, न्हाणीघरांना नाली,
आणि सगळ्यात सोपी वाट उत्तरेच्या भिंतीलगत,
वळचणीखालून सरळ.
मी चुन्याची फक्की टाकली.
पहार उचलली गेली.

आगुर्त्साने घरातून आली, हातात सोललेला बटाटा तसाच.
म्हणाली, इथे नाही.
भिंत आणि पागोळ्यांची रेघ, यांच्यामध्ये नाही.

एनेको खाली बघत राहिला. त्याला माहीत असावं.

पाच आहेत, ती म्हणाली.
पाणी डोक्यावर पडण्याआधीच गेलेली.
पाद्री दफनभूमीत घेत नसे,
मग कुठे ठेवणार, रस्त्यावर?
शेवटचं माझ्या आईचं. सत्तेचाळीस साल, फेब्रुवारी.
मी कंदील धरला होता.
कौलांवरचं पाणी पडतंच की त्यांच्यावर, वर्षातले दोनशे दिवस.
आणखी किती बाप्तिस्मा हवा?

त्यांना नावं? मी विचारलं.
नावं नाहीत, म्हणाली. आडनाव आहे.

मग बटाट्याकडे तिचं लक्ष गेलं
आणि ती आत निघून गेली.

चारशे साठ वर्षं मी लाकडात वाचली,
दगडावरचे टाकीचे घाव, कौलावर राहिलेला
कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा, सगळं टिपलं.
घराची हद्द मात्र भिंतीपाशी संपवली होती.
ती चुकली होती, दोन हात बाहेर हवी होती,
जिथे थेंबांनी मातीत
खळग्यांची एक ओळ पाडलीय, भिंतीहून सरळ.

नव्या नकाशात नाली कोपऱ्यावर वळते,
कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालते,
मग उतारावर जाते.
तोलोसाहून इंजिनीयरचा फोन आला:
इथे खडक लागला का?
नाही, म्हटलं.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, राहती जागा.

नऊ मीटर पाइप जास्त लागला.
एनेकोने काही न बोलता आणला.