हजेरीवही

एकोणतीस वर्षं देवळाची किल्ली माझ्या कमरेला
आणि हजेरीवही माझ्या अक्षरात.
रविवार, सकाळी दहा. पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, दान इतकं.
स्वतःला मी कधी मोजलं नाही.
मोजणाऱ्यानं मोजात येऊ नये, असं आपलं वाटायचं.

बोरखेड्यात आमची चाळीस घरं होती.
कोणी चाकणला गेलं, कोणी नागपुरात नर्स झालं,
काही जवळच गेले, निंबाखालच्या मातीत.
कार्तिक लागला की उरलेल्या बायाही नसत:
वेचणी सुरू, किलोमागं मजुरी,
आणि कापूस काही रविवार पाळत नाही.

अशाच एका रविवारी मी लिहिलं: तीन.
एक शांतवन मास्तर, पेटीवर.
एक पाळक, तालुक्याहून फटफटीवर आलेला,
चार गावांत मिळून एक.
तिसरं सगुणाचं झोपलेलं पोर,
वावरात जाताना ती बाकावर ठेवून गेली होती,
इथं सावली आहे म्हणून.

दिवस बुडताना ती पोर न्यायला आली.
केसांत कापसाचे तंतू, बोंडांनी चिरलेली बोटं.
म्हणाली, "बाई, देव का फक्त सकायीच घरी राह्यते वो?"
मला राग आला.
पाळक हसला नाही. त्यानं वही मागितली,
दहाचे आठ केले, आणि पुढं लिहिलं: रात्री.

पंचांची बैठक झाली. चहा गार झाला.
मास्तर म्हणाले, "माझ्या बापाचा बाप्तिस्मा
याच वेळेला झाला होता, दहाला,"
आणि चष्मा न घेताच उठून गेले.

पहिल्या रात्री लाइट नव्हती.
बाक अंगणात काढले, ट्रॅक्टरचा दिवा लावला.
बाया आल्या त्या भाकऱ्या बांधूनच,
अंगाला पऱ्हाटीचा वास.
"बसा मंडळी," सगुणा म्हणाली, पंगतीत म्हणतात तशी,
आणि इतकी वर्षं मथळ्यावर लिहिलेला तो शब्द
मला पहिल्यांदा ऐकू आला.

धुऱ्यावर पाल ठोकून राहिलेले
मेळघाटातले मजूरही आले, मागं उभे राहिले.
प्रार्थनेनंतर त्यांच्यातली एक पोरगी कोरकूत गायली.
सोनाय बेठेकर, अकरा-बारा वर्षांची.
आम्हाला अर्थ कळला नाही. आमेन मात्र सगळ्यांनी म्हटलं,
थोडं उशिरा.

दुसऱ्या दिवशी मास्तर चष्मा न्यायला आले.
"रात्री ते कोणत्या पट्टीत गात होते?"
एवढंच विचारलं. मला कुठलं सांगता येणार.

पुढच्या रविवारी दहाला ते दारात हजर.
इस्त्रीचा सदरा, काखेत गीतपुस्तक.
पंच म्हणाले, एका माणसासाठी कुलूप कशाला काढता?
पण किल्ली माझी आहे.
वहीत मी दोन रकाने आखले.
सकाळ: एक. रात्र: सतरा.
सकाळ: एक. रात्र: चोवीस.
सकाळ: एक. रात्र: नऊच,
कारण गावात लग्न होतं आणि जेवण चांगलं होतं.

आता वेचणी सरत आली. पालं उठतील.
काल सकाळी मास्तरांच्या मागोमाग
सोनाय पायरीवर येऊन उभी.
"उपासना रात्री असते, माय," मी म्हटलं.
तिनं पेटीकडे बोट केलं.

मास्तर बाकावर थोडे सरकले.
ती एक ओळ गायली.
त्यांनी एक पट्टी दाबली. तिनं मान हलवली. नाही.
त्यांनी काळी पाहिली. नाही.
भाता श्वास घेत राहिला,
त्यांचा चष्मा नाकावरून घसरत राहिला.

मी दाराशी वही उघडून बसले.
सकाळ: दोन, लिहिलं.
पेन तसंच धरून ठेवलं बराच वेळ.
मग दोनाचे तीन केले.

आत ती अजून मान हलवत होती.
नाही. थोडं खाली.