प्रश्न क्रमांक सदतीस

दोंडाईच्यात मिरचीच्या गोदामावर आमची अभ्यासिका.
खाली पोतं उलटलं की वर अकरा जण एकदम शिंकतात
आणि उताऱ्यातली ओळ हरवते.
मी म्हणते, पुन्हा पहिल्यापासून. बोट ठेवून.

'जुन्या बाजारातल्या दुकानाच्या मालकाची सायकल.'
जुनं काय?
बाजार, म्हणते जागृती गिरासे.
मागून कोणी दुकान म्हणतं, कोणी मालक.
सायकल तर नाहीच मॅडम, ती असती तर 'जुनी' आली असती.
बरोबर. पण 'जुन्या' तिघांच्याही अंगाला येतो,
थोरल्याचा शर्ट धाकट्याला यावा तसा.

'फक्त' त्याहून चंचल.
फक्त सुकलालने अर्ज भरला.
सुकलालने फक्त अर्ज भरला.
फळ्यावर एक शब्द मी सरकवला
आणि सुकलाल ठेलारीने मान खाली घातली,
कारण गेल्या वर्षी दुसरं वाक्य खरं होतं:
परीक्षेच्या दिवशी तो मेंढ्यांमागे साक्रीकडे.

यंदा बसला. लिपिक पदासाठी.
प्रश्न क्रमांक सदतीस.
'मुकादमाने सोमाला सांगितले, की त्याचा बैल वाटेत बसला.'
बैल कोणाचा?
सुकलालने सोमाचा म्हटलं. उत्तरतालिकेने मुकादमाचा.
त्याने बेरीज तीनदा केली.
तिन्ही वेळा एक गुण कमी.

खाली त्याची आई देठं खुडते.
एका बाजूला मिरच्यांचा ढीग, एका बाजूला देठांचा.
कुठलं देठ कुठल्या मिरचीचं
हे आता मिरचीलाही सांगता येणार नाही.
त्याने तिला प्रश्न वाचून दाखवला.
मान वर न करता ती म्हणाली,
'बैल बठना ना? मंग पहिले त्याले उठाडा.'
चार पर्यायांत हा नव्हता.

रात्री आम्ही आक्षेप लिहिला.
शुल्क शंभर रुपये, सुट्या पैशांत जमवले.
'त्याचा' या शब्दामागे दोन पुरुष उभे आहेत,
दोघेही एकवचनी, दोघेही बैल बाळगण्याजोगे.
'बाळगण्याजोगे' जागृतीने खोडलं.
सुकलालने परत लिहिलं.

सव्वीस दिवसांनी उत्तर:
'सदर प्रश्नावरील आक्षेप तपासला असता
तो सदोष आढळून आल्याने
तो रद्द करण्यात येत आहे.'

कोणी शिंकलं नाही.

जागृती पेन्सिल घेऊन उठली.
पहिल्या 'तो'पासून एक बाण प्रश्नाकडे, एक आक्षेपाकडे.
दुसऱ्या 'तो'पासून पुन्हा दोन.
प्रश्न रद्द, तर सगळ्यांना एक गुण.
आक्षेप रद्द, तर शंभर रुपये पाण्यात.
आणि पहिला सदोष असून दुसराच रद्द झाला असेल तर?
ते सरकारला अशक्य नाही, असं कोणीतरी म्हणालं.

सतरा वर्षं मी शिकवतेय:
सर्वनाम दिसलं की मागे वळा,
लिंग बघा, वचन बघा, जवळचं नाम धरा.
मी मागे वळले.
दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते,
प्रश्न आणि आक्षेप, एकाच घरचे असल्यासारखे.
खडू हातात होता. फळ्यावर काही लिहिलं नाही.

पहिला हसला सुकलाल.
'मॅडम, बैल कोनाना, त्यासलेबी माहीत नही.'
मग सगळेच हसले, खाली हमाल पोती ठेवून वर बघेपर्यंत.

अंतिम यादी सोमवारी.
संध्याकाळी त्याची आई जिना चढून आली,
पहिल्यांदाच,
जळजळणारे हात अंगापासून लांब धरून.
उंबऱ्यातूनच विचारलं,
'व्हयनं का त्यानं काम?'

आधी कुठलंच नाम नव्हतं. तरी
कोणी मागे वळलं नाही, पेन्सिल उचलली नाही.
सगळ्यांनी सुकलालकडे पाहिलं.
तो कागदाची घडी घालत होता.
ती अर्धी ठेवून त्याने आईला बसायला स्टूल सरकवलं.