भरतीची वेळ

पान एकशे चाळीस. तो काडी ओढतो
आणि त्या उजेडात तिला त्याचा चेहरा
पहिल्यांदा नीट दिसतो.

इस्बिस्टर चष्मा कपाळावर चढवतात:
'सतराशे अठ्ठ्याण्णव साल. काडीपेटी निघायला
अजून अठ्ठावीस वर्षं आहेत.
तोवर अंधारातच बसा म्हणावं दोघांना.'

स्ट्रॉमनेसच्या वाचनालयात आम्ही सहाजण,
हीटर एक, बिस्किटांचा डबा एक,
बाहेर फेब्रुवारी दार ढकलतोय.
पुस्तक मी निवडलेलं,
म्हणून ऐकून घेणं माझ्याकडे.

थोरा ड्रेव्हरला नायिकाच पटत नाही.
'चांगली नर्स आहे, चार वर्षांची मुलगी आहे,
आणि ही बाई धक्क्यावरच्या धुक्यात शिरते काय,
दोनशे वर्षं मागे निघते काय!
दूध गॅसवर ठेवून!'
'गॅस बंद करते आधी,' मी म्हणते. 'पान नऊ.'
'आणि मुलीचं?'
पान नऊवर मुलीचं काही नाही.

कर्स्टनला नायक फार स्वच्छ वाटतो.
चाळिशीचा खलाशी, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत,
केसांना म्हणे समुद्राचा वास.
'माझ्या आजोबांच्या केसांना
मासळीच्या तेलाचा यायचा.'

मागे राहिलेला नवरा वाईट नाही बिचारा,
नुसता कंटाळवाणा.
रॉनल्ड फ्लेट संध्याकाळभरात एवढंच बोलतो
आणि त्याची बायको
हातातल्या बिस्किटाकडे बघत राहते.

इस्बिस्टरांची यादी संपत नाही.
चाळीस वर्षं त्यांनी जहाजं बंदरात आणली,
चुकीला तिथे खडक म्हणतात.
बटाटा चालेल, बटाटा आला होता.
बटणं चालतील. पण जूनमध्ये तारे?
'जूनमध्ये इथे रात्र होते कुठे!
मध्यरात्री अंगणात पेपर वाचतो मी.
हा तिला कुठले सप्तर्षी दाखवतोय?'

'प्रेमात दिसतात,' मी म्हटलं.
कोणी हसलं नाही.
मलाही ते जरा सुविचाराच्या फळ्यावरचं वाटलं.

नऊला सगळे गेले. प्रती गोळा केल्या.
इस्बिस्टरांच्या प्रतीत समासभर
पेन्सिलीचं मुंगीएवढं अक्षर.
वाचनालयाची प्रत. खोडरबर घेऊन बसले.

वारा चुकीच्या दिशेचा. खोडलं.
शिडाचं नाव चुकीचं. खोडलं.
आमची माणसं असं बोलत नाहीत. खोडलं.

पान तीनशे सहा. जहाज हडसनच्या उपसागराकडे निघतंय.
दुपारचे दोन. तो दोराशी, ती धक्क्यावर.
लेखिकेनं दीड पानात उरकलंय सगळं.
समासात आकडे, वजाबाक्या, चंद्राची तिथी,
कोपऱ्यात तेच गणित पुन्हा एकदा,
पहिलं ताडून पाहायला.
आणि खाली:

'चूक. त्या दिवशी पाणी सव्वाचारला चढलं असणार.
त्याआधी जहाज हलत नाही.
त्यांच्याकडे अजून सव्वादोन तास होते.'

शेवटच्या ओळीवर पेन्सिल दाबलेली.
पान उलटलं तरी बोटाला लागते.

खोडरबर खणात टाकला.
दंडाच्या वहीत मात्र लिहिलं:
इस्बिस्टर, एच. पुस्तकात लिहिणे.
साठ पेन्स.