साउंड

टॉफ्टहून फेरीबोट सुटते तेव्हा समोर जे करडं पाणी असतं
त्याला इथे साउंड म्हणतात.
दोन बेटांमधली पाण्याची गल्ली, बस्स.
पहिल्या खेपेला मला वाटलं, लाटांच्या आवाजावरून पडलं असेल नाव.
दोरखंड गुंडाळणारा पोरगा हसला.
छे, म्हणाला, तो साउंड वेगळा.

मी कानाची यंत्रं घेऊन येते, एक मंगळवार सोडून.
येल बेटावरचा दवाखाना, मागची खोली,
एक हीटर, तोही कुरकुरणारा.

आज लॉरी मोअट, वय एक्याऐंशी.
डॉक्टरांनी लिहून पाठवलंय:
हृदय साउंड, फुप्फुसं साउंड.
त्याखाली, त्याच शाईत:
उजव्या कानाला साउंड जवळजवळ नाही.

मी हेडफोन चढवते. साउंड आला की बटण दाबा.
तो खिडकीबाहेर बघतो.
आलाय की, म्हणतो, भरती आहे आत्ता.

आवाजाला माझ्याकडे शब्द उदंड:
चाहूल, कुजबुज, खळखळ, ठणाणा.
पण पाणी, प्रकृती, खोली आणि आवाज
चौघांना एकाच खाटेवर निजवेल असा एकही नाही.
जवळपास येतो तो ठणठणीत.
निरोगी माणूस म्हणजे वाजवला तर वाजेल असा,
न तडकलेल्या मडक्यासारखा.
हे मी लॉरीला खाणाखुणांनी सांगते.
तो छातीवर मूठ आपटून बघतो,
कान लावता येत नाही म्हणून माझ्याकडे बघतो.
वाजलं, मी मान हलवते.

खोली म्हणजे काय, ते त्याने सांगितलं.
विशीत तो मोजणीच्या बोटीवर होता.
दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला खळगा,
खळग्यात चरबी.
सोडायचा, तळाला टेकला की ओढायचा.
चरबीला चिकटून यायची वाळू, कधी शिंपल्याचा चुरा.
जिभेवर ठेवून सांगायचो, म्हणाला, कुठे आहोत ते.
यालाही साउंड करणंच म्हणतात.
दोन्ही हात पसरून त्याने माप दाखवलं.
मला शब्द सापडला: वाव.
आमचे दर्यावर्दीही असंच मोजायचे,
आणि अजून काही घडू शकतं, असं म्हणायचं असलं
तरी आम्ही म्हणतो, वाव आहे.

मी यंत्र आणायला बाहेर गेले
तशी ओस्ला मागोमाग आली, विणकाम काखेत.
हळू आवाजाचं बसवा, म्हणाली.
आणि मग, दाराकडे बघत:
चार वर्षं झाली, तो झोपला की मी त्याच्या उजव्या कानात बोलते.
साउंड झोपतो तो, दगडासारखा.
सगळं सांगून झालंय.
अडुसष्ट साली ॲबर्डीनच्या बोटीचं तिकीट काढलं होतं मी,
एकटीचं.
तेसुद्धा.

(तिने परत केलं का ते तिकीट, की कुठे ठेवलंय,
मी विचारलं नाही. माझं काम डेसिबलचं.)

शेवटची चाचणी हाडाची.
कानामागच्या हाडावर छोटा ठोकळा टेकवायचा,
कानाला टाळून, कवटीतूनच आत पाठवायचं.
लॉरी डोळे मिटून बसला.
बटण दाबलं.
पुन्हा दाबलं.
इतक्या खालच्या पट्टीला, जिथे तरुणही चुकतात,
तिथेही दाबलं.

उशीतून येतं असंच, तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.
थोडं थोडं. तळ लागतो.

हीटर कुरकुरत होता.
ओस्लाच्या सुईवरून एक टाका निसटला,
खाली दुसऱ्या ओळीपर्यंत उसवत गेला.
तिला तो दिसला. तिने उचलला नाही.

फॉर्मवर मी लिहिलं: उजवा कान, हाडातून, साउंड.
कुठला, त्याला तिथे रकाना नव्हता.
चार दहाची बोट गाठायची होती.
दारात लॉरीने विचारलं, यंत्र कधीपासून घालू?
मी ओस्लाकडे बघितलं.
ती त्याच्या कोटाची बटणं लावत होती,
खालून वर,
आणि काहीतरी म्हणत होती, अगदी साध्या आवाजात,
त्याच्या छातीशी.