चौकीवरचा देद्दाही

अतारच्या पुढे, डांबर संपायच्या जरा अलीकडे
एक दोरी, दोन ड्रम, सावलीपुरता पत्रा
आणि देद्दाही वुल्द बोयबा, जमादार.
इथे देश गाडी थांबवून विचारतो: कोण?

उत्तर कागदावर द्यायचं.
त्या कागदाला म्हणतात फीश.
मासळीशी संबंध नाही, समुद्र चारशे किलोमीटर मागे राहिला.
नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, धंदा,
कुठून आलात, कुठे निघालात.
पाहुणे घरूनच गठ्ठा छापून आणतात,
कारण चौक्या फार
आणि एकीचं दुसरीला कळत नाही.

नोव्हेंबरात गाड्या सुरू होतात, मार्चला आटतात.
मधेही कधी आठवड्याला एक,
कधी नुसतीच धूळ उठते
आणि धुळीत कोणी नसतं.
तेव्हा देद्दाही बिस्किटाचा डबा काढतो,
वरचा दगड बाजूला ठेवतो
आणि जुने कागद वाचत बसतो, शिळा पेपर वाचावा तसे:
दंतवैद्य.
मधमाश्या पाळणारी, जन्म सात मे.
दोघे भाऊ, धंदा एकच, लिफ्टदुरुस्ती.
(त्याच्या मुलखात सगळ्यात उंच
पाण्याची टाकी आहे, तिला शिडी आहे.)
एकाने धंद्यापुढे लिहिलंय: नाही.
त्याच्यापाशी देद्दाही बराच वेळ थांबतो.

आणि तारखा!
सात मे, बावीस सप्टेंबर, एकोणतीस, अकरा, चार,
जणू या लोकांनी जन्म
वर्षभर पुरवून पुरवून घेतले.
त्याच्या घरात सगळे एकतीस डिसेंबरचे:
तो, बायको, मेहुणा, मेहुण्याची सासू.
नोंदणीचा कारकून तंबूपाशी आला तेव्हा
आईला एवढंच आठवलं, की त्या साली उंटीण जुळी व्यायली.
जुळ्यांसाठी रकाना नव्हता.
कारकुनाने वर्ष लिहिलं
आणि त्याला शेवटचा दिवस जोडून दिला.

परवा एलीची गाडी आली, आत चौघं.
एली वाटाड्या. तो पाहुण्यांना
चहाच्या तीन पेल्यांची म्हण सांगतो,
पहिला कडू कशासारखा, तिसरा गोड कशासारखा.
ती त्याला एका पाहुण्यानेच शिकवली.
घरी बायको म्हणते, पी, गार होतोय.

चार कागद. तिसरा:
ग्रझिना, पोझनान, ट्रामचालक, निवृत्त.
चौदा जानेवारी.
देद्दाहीने आपली वही उघडली. सकाळीच
स्वतःच्या हाताने टाकलेली तारीख पुन्हा वाचली.
मग टोपी नीट केली,
खिडकीशी वाकला आणि बाईंना म्हणाला,
आज तुमचा दिवस आहे.

बाई एकदम पुढच्या सीटच्या पाठीकडे बघू लागल्या.
मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या, कोणाला सांगितलं नव्हतं,
म्हणून तर इतक्या लांब आले.

काही वेळ कोणीच बोललं नाही. इंजिन चालूच होतं.
देद्दाहीने विचारलं, ट्राम रुळावरून उतरते का कधी?
नाही, त्या म्हणाल्या. बत्तीस वर्षांत एकदाच,
बर्फ होता.
तो आत गेला, आपल्या दुपारच्या जेवणातला
सार्डिनचा डबा घेऊन आला, खिडकीतून दिला.
घ्या, फीशच्या बदल्यात फिश, एली म्हणाला.
बाई हसल्या, मग हसतच राहिल्या, मग डोळे पुसले.
दोरी खाली पडली. गाडी गेली.
धूळ बराच वेळ उभी होती, एखाद्या माणसासारखी.

सुट्टीत देद्दाही गठ्ठा घरी नेतो.
कागद एका बाजूने कोरा असतो
आणि दुकानात वह्या महाग.
तेस्लेम दिव्याखाली पालथी पडून
ग्रझिनाच्या पाठीवर भागाकार करते:
तीनशे पासष्टला एकतीसने भाग.
अकरा वेळा जातो.
बाबा, चोवीस उरले, ती म्हणते,
यांचं काय करायचं?
राहू दे तसेच, देद्दाही म्हणतो,
आणि कागद उलटा करून
चौदा जानेवारी जागेवर आहे ना, बघतो.