शोधशब्द

माझगावात, तेवीस मजल्यांच्या पायाशी,
दुसऱ्या तळघराच्या भिंतीतून पाणी येतंय.
भर एप्रिलात. गोडं.
मी बोट लावून चाखलं, तेव्हा तावडे साहेब ओरडले.
खाडीचं नाही, नळाचं नाही.
मग कुणाचं?

रात्री साइट ऑफिसात लॅपटॉपला विचारलं,
विहीर, इंग्रजीत, चार अक्षरं, पुढे माझगाव.
तर वेल डन, वेल सेटल्ड, गेट वेल सून,
वेल फर्निश्ड वन बीएचके, बंदर दिसणारी बाल्कनी.
कोटींनी उत्तरं.
ओल एकालाही नाही.

दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत करकचून बांधले.
उरली तीन. तिन्ही एकाच ब्रोकरची.

शनिवारी फोर्टात, जुन्या अहवालांच्या वाचनालयात
कोठारे बाई, चष्म्याला काळी दोरी,
माझ्या अडचणीकडे न बघता माझ्या वहीकडे बघत म्हणाल्या,
गाव कसं लिहिलंस?
जसं बसवर असतं तसं.
तेव्हा बस नव्हती, म्हणाल्या, आणि पेन काढून घेतलं.
झेड. जे. एस. एकदा तर दोन एस.
मधे एक ए, नाहीतर दोन,
शेवटी गोऱ्या कारकुनाला जेवणाआधी जे सुचेल ते.
प्रत्येकाच्या मधे 'किंवा' घाल, कॅपिटलात.
शेपटाची खात्री नसेल तिथे तारा काढ.
आणि तुझा तो फर्निश्ड,
त्याच्या आधी वजा, अगदी चिकटून.
फट ठेवलीस तर परत येतो मेला.

एकशे बारा उरले. सगळे वाचले.
तलाव, टाक्या, तुंबलेली गटारं,
घोड्यांच्या हौदावरून तीन वर्षं चाललेला पत्रव्यवहार.
माझी विहीर नव्हती.

नाहीच आहे वाटतं, मी म्हणाले.
'सापडली नाही' म्हण.
ती दोन वेगळी वाक्यं आहेत.

मग बराच वेळ पंख्याकडे बघत राहिल्या.
लोक पाणी भरतात तेव्हा सरकारला विहीर दिसत नाही गं.
तिचा कुणाला ताप झाला, ते बघ.

ताप.
त्या त्रास म्हणाल्या असाव्यात.
मी शब्दशः घेतलं.
मलेरिया किंवा डास किंवा अळ्या,
माझगाव त्याच्या सगळ्या सोंगांत,
सन एकोणीसशे ते तीस.

चौदा.
नवव्यात, परिशिष्ट दोन, स्कॅन करताना तिरकं झालेलं पान,
कडेला कुणाच्या तरी अंगठ्याची सावली:
विहीर, उघडी. अळ्या आढळल्या.
मालक हिराबाई पागधरे, विधवा.
अर्जदार म्हणते, पाण्यात मासे सोडले आहेत, ते अळ्या खातात.
अर्जदार म्हणते, मासे येऊन पाहावेत.
अर्ज नामंजूर. दगडमातीने भरली.
खर्च मालकाकडून वसूल.

म्हणजे विहीर विहिरीखाली नव्हतीच.
जिवंत होती त्या नावानं तिला कुणी नोंदलं नाही,
बुजवली त्या कारणाखाली
शंभर वर्षं झिरपत बसली होती.

पान बाईंना दाखवलं. वाटलं, खूश होतील.
त्यांनी थेट तळटीप गाठली.
हा कुणाच्या आधारावर लिहितोय, मागे जा.
ह्याचा आधार पुढे कुणी घेतला, तेही बघ.
इंजिनियर ना तू?
एका पानावर भिंत उभी करतेस?

मागे गेले. पुढे गेले.
मासे पाहायला कुणी आलं होतं का,
ते कुठेच सापडलं नाही.
(बघा, बाई, बरोबर वाक्य वापरलंय.)

सोमवारी पंप बसला. अहवालात 'कारण' ह्या रकान्यात
साहेबांनी लिहिलं: सीपेज.
खाली शोधशब्दांची ओळ असते, कुणी भरत नाही.
मी भरली.
विहीर. मलेरिया. पागधरे, हिराबाई.
माझगाव, सातही स्पेलिंगांत.
सीपेज, साहेबांसाठी.
आणि सेव्ह करता करता, का कोण जाणे,
मासे.